मांडुळाचे दुसरे तोंड

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे गाव अडाण नदीच्या खोऱ्यात येते, आणि या खोऱ्यातील बहुतेक गावांप्रमाणे तेथेही जमिनीचे दोन ठळक प्रकार शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मानीत आला आहे : नदीनाल्यांच्या अंगाची खोल काळी जमीन, जी पावसाळ्यात फुगून चिकट होते व चैत्र-वैशाखात रुंद भेगांनी फाटते, आणि चढावरची हलकी, मुरमाड, बरड जमीन, जीत पाणी थांबत नाही व माती मोकळी राहते. वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या कपाशीच्या मुलखाला वाळवंट कोणी म्हणणार नाही. तरीही येथील धुऱ्यांच्या कडेला, नदीकाठच्या गाळवट पट्ट्यात आणि उंदरांनी पोखरलेल्या बरडात असा एक साप राहतो, ज्याच्या शरीराची सारी घडण वाळूत शिरून राहण्यासाठी झालेली आहे. मराठीत त्याला मांडूळ म्हणतात, बोलण्यात दुतोंड्या म्हणतात, आणि प्राणिशास्त्रात त्याची नोंद एरिक्स जॉनाय या नावाने आहे. या सापाचा माणसाशी आलेला संबंध हा मुख्यतः त्याच्या शेपटीचा इतिहास आहे, कारण तिला तोंड समजण्याची चूक आधी भक्षकांनी केली, मग माणसांनी केली, आणि शेवटी त्या चुकीचाच बाजार उभा राहिला.

मांडूळ बोआ या गटातले. भक्ष्याला विळखा घालून श्वास व रक्तप्रवाह थांबेपर्यंत आवळणारे, विष नसलेले सर्प म्हणजे अजगर आणि बोआ; त्यांतील अजगर अंडी घालतात, तर बोआंपैकी बहुतेकांची अंडी मादीच्या पोटातच उबून जिवंत पिल्ले बाहेर येतात. मोठे बोआ प्रामुख्याने अमेरिका खंडातले आहेत. जुन्या जगात, म्हणजे उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण व मध्य आशियामार्गे भारतापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात, या गटाची एक ठेंगणी, बिळात राहणारी शाखा पसरली आहे, आणि फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ याने १८०३ मध्ये तिला एरिक्स हे प्रजातीनाम दिले. भारतात या शाखेच्या तीन जाती आहेत : मांडूळ, डुरक्या घोणस, आणि १९९१ मध्ये इंद्रनील दास यांनी वेगळी म्हणून वर्णिलेली, रोम्युलस व्हिटेकर यांचे नाव लाभलेली पश्चिम किनारपट्टीची जात. पहिल्या दोन विदर्भाच्या शेतशिवारात आढळतात.

पूर्ण वाढलेले मांडूळ बहुधा दोन ते तीन फूट लांब असते, क्वचित मीटरभराच्या थोडे पुढे जाते, आणि रंगाने तांबूस तपकिरीपासून काळपट तपकिरीपर्यंत कसेही असू शकते. त्याचे डोके मानेपासून वेगळे ओळखू येत नाही. नाकाच्या टोकाशी असलेला रुंद खवला, ज्याला तुंडशल्क म्हणतात, नांगराच्या फाळासारखा पुढे आलेला व आडव्या धारेचा असतो. माती फोडण्याचे काम तोच करतो, आणि खालचा जबडा त्याच्या मागे आत बसलेला असल्यामुळे खोदताना तोंडात माती जात नाही. डोळे बारीक, बाहुली उभी. पाठीवरचे खवले लहान, घट्ट बसलेले व तुळतुळीत असतात, आणि शरीराच्या मध्यावर त्यांच्या पन्नासाहून अधिक रांगा भरतात. धामणीला त्याच जागी सतराच्या आसपास रांगा असतात, यावरून या खवल्यांचा बारीकपणा लक्षात यावा. पोटाखालचे आडवे खवले इतर सापांच्या मानाने अरुंद आहेत, कारण जमिनीवर झपाट्याने सरपटणे हा या प्राण्याचा व्यवसायच नव्हे. नराच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक नखर असते. सापांच्या पूर्वजांना मागचे पाय होते, त्या पायांचा तो उरलेला अंश.

दिवसा हा साप जमिनीखाली असतो आणि अंधार पडल्यावर, पुष्कळदा मातीबाहेर केवळ नाकडोळे ठेवून, दबा धरतो. उंदीर व घुशीची पिल्ले हे त्याचे मुख्य अन्न, आणि बिळात सरळ शिरता येत असल्यामुळे उंदरांची अख्खी वीण तो जागेवर संपवू शकतो. पावसाळ्याच्या सुमारास मादी साधारणपणे सहा ते चौदा पिल्ले देते. पिल्लांच्या अंगावर, विशेषतः शेपटीकडे, काळे पट्टे असतात व वाढत्या वयात ते पुसट होतात. सोयाबीन येण्यापूर्वी ज्वारी, कपाशी आणि तूर यांवर चालणाऱ्या या भागातील शेतीत कडब्याच्या गंजी, कुटाराचे ढीग व पऱ्हाटीचे भारे गोठ्यालगत वर्षभर पडलेले असत, त्यांत उंदीर असत, आणि उंदरांमागे मांडूळ असे. शेतकऱ्याने त्याला पाळले नव्हते; पण हाकललेही नव्हते.

आता शेपटीकडे वळता येईल. बहुतेक सापांची शेपटी निमुळती होत जाते, परंतु मांडुळाची शेपटी आखूड, जाड व बोथट असून तिची गोलाई आणि डोक्याची गोलाई यांत पहिल्या नजरेला फरक करता येत नाही. डिवचल्यावर मांडूळ पळत नाही की सहसा चावत नाही. ते अंगाचे वेटोळे करून डोके त्याखाली दडवते आणि शेपटी थोडी वर उचलून हळूहळू हलवते. मुंगूस, घुबड किंवा कुत्रे यांपैकी कोणी झडप घातलीच, तर ती हलणाऱ्या टोकावर पडते आणि मेंदू, डोळे व जबडा असलेले टोक वाचते. रानातील मोठ्या मांडुळांच्या शेपटीवर कित्येकदा जुन्या जखमांचे व्रण दिसतात, ते याच सौद्याचे. सहा महिने हा साप एका तोंडाने चालतो व सहा महिने दुसऱ्या तोंडाने, ही महाराष्ट्रभर ऐकू येणारी समजूत चुकीची असली तरी ती निव्वळ भोळेपणातून आलेली नाही. निसर्गाने भक्षकासाठी रचलेल्या देखाव्याला माणूसही फसला, एवढाच तिचा अर्थ. ग्रीक व रोमन लेखकांनीही दोन्ही टोकांना डोकी असलेल्या सापाचे वर्णन करून ठेवले आहे, तेव्हा या बाबतीत वऱ्हाडाला एकट्याला हसण्याचे कारण नाही.

निरुपद्रवी सापाची कैफियत भारतीय वाङ्मयात जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात प्रमद्वरेला सर्पदंश झाल्यानंतर रुरू दिसेल तो साप मारीत सुटतो, आणि एके दिवशी त्याच्यापुढे आलेला निर्विष डुंडुभ त्याला विचारतो की अपराध दुसऱ्या जातीचा असता शिक्षा आपल्याला का. आधुनिक काळात मात्र सापांचे लेखन बराच काळ विषारी जातींभोवतीच फिरत राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील स्कॉटिश वैद्य पॅट्रिक रसेल याने कोरोमंडल किनाऱ्यावर गोळा केलेल्या सापांवरील ग्रंथाचा पहिला भाग १७९६ मध्ये काढला, त्यामागे कोणता साप प्राणघातक व कोणता नाही हे लोकांना कळावे हा व्यावहारिक हेतू होता. त्याच कामाच्या ओघात, १८०१ मध्ये, मांडुळाला शास्त्रीय नाव मिळाले. तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी या डेन्मार्कच्या वसाहतीत राहणारे धर्मोपदेशक व निसर्ग-संग्राहक ख्रिस्तोफ सॅम्युएल जॉन यांच्या नावावरून ते ठेवले गेले. जोसेफ फेररने १८७२ मध्ये भारतातील घातक सापांवर भला मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे विषारी साप मारल्याबद्दल सरकारी बक्षिसे दिली गेली. बक्षिसाच्या यादीत ज्याला जागा नव्हती, त्याच्याविषयी गावपातळीवर कोणी लिहून ठेवण्याचे कारण उरले नाही, आणि म्हणून विदर्भातील मांडुळाचा इतिहास दप्तरांपेक्षा समजुतींतून आणि, अलीकडे, पोलिसांच्या पंचनाम्यांतून वाचावा लागतो.

या शाखेच्या खऱ्याखुऱ्या वाळवंटी जातीशी मात्र एका जयकरांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, आणि मराठी वाचकाने थोडे थांबून हा धागा पाहण्यासारखा आहे. आत्माराम सदाशिव जयकर (१८४४–१९११) हे भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दीर्घकाळ मस्कतला सर्जन म्हणून राहिले. दवाखाना सांभाळून त्यांनी ओमानच्या बोलीवर व तेथील म्हणींवर लिहिले, अल-दमीरी या मध्ययुगीन अरबी पंडिताच्या प्राणिकोशाच्या मोठ्या भागाचे इंग्रजी भाषांतर केले, जे १९०६ व १९०८ मध्ये दोन खंडांत निघाले, आणि किनाऱ्यावरचे मासे व डोंगरवाळवंटातील प्राणी जमवून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडले. ओमानच्या डोंगरातील ताहर नावाचा रानबोकड, एक सरडा, एक समुद्रघोडा आणि १८८८ मध्ये बुलेंजरने वर्णिलेला एरिक्स जयकराय हा बोआ, या साऱ्यांच्या शास्त्रीय नावांत जयकर आहेत. हा बोआ जेमतेम ४० सेंटिमीटर लांब असतो. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना नसून थेट माथ्यावर आहेत, त्यामुळे सारे अंग वाळूत पुरून केवळ दोन डोळे वर ठेवता येतात व जवळून जाणारी पाल टिपता येते. शिवाय तो अंडी घालतो. पिल्ले देणाऱ्या पूर्वजांच्या वंशात अंडी घालण्याची रीत पुन्हा उद्भवली असावी, असा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासातून निघाला, आणि उत्क्रांतीत मागचा रस्ता बंद असतो असे मानणाऱ्या अभ्यासकांना त्याची दखल घ्यावी लागली. अडाणकाठचे मांडूळ आणि मस्कतच्या वाळूतला जयकरांचा बोआ हे एकाच प्रजातीतले भाऊबंद. एकाने वाळू सोडली नाही, दुसऱ्याने वाळूऐवजी नांगरलेली माती पत्करली.

बोरी अरबच्या शिवारातील दुसरा भाऊबंद डुरक्या घोणस; त्याची गोष्ट मांडुळाच्या उलट आहे. त्याच्या जाड, आखूड अंगावर फिक्या रंगावर गडद तपकिरी, वेड्यावाकड्या कडांचे ठिपके असतात आणि शेपटीकडचे खवले खरखरीत असतात, त्यामुळे तो घोणस या अतिविषारी सापासारखा दिसतो व त्या सारखेपणापायी मारला जातो. घोणशीच्या पाठीवरील ठिपके साखळीच्या कड्यांप्रमाणे तीन ओळींत नेटके असतात, डोके मोठे, त्रिकोणी व मानेपासून स्पष्ट वेगळे असते. डुरक्याचे डोके लहान आणि शेपटी एकाएकी टोकदार होऊन संपणारी. हा फरक उजेडात व अंतरावरून पाहता येतो, कापणीच्या घाईत किंवा रात्री ओलित करताना येत नाही. उलट चूक अधिक महाग पडते : डुरक्या किंवा अजगराचे पिल्लू समजून घोणस हातात घेणाऱ्याचा जीव धोक्यात येतो. म्हणून कोणत्याच सापाला हात न लावणे हा एकच नियम सर्वांना पुरतो.

मांडुळाचा पहिला व्यापार गारुड्यांचा. नागाची टोपली उघडण्याआधी गर्दी धरून ठेवायला दुतोंड्यासारखा दुसरा प्राणी नाही, कारण तो चावत नाही, पळत नाही आणि मुलांच्या हातात देता येतो. परंतु शेपटीला तोंड नाही हे जवळून पाहणाऱ्याच्या ध्यानात येते, तेव्हा गारुडी तप्त सळईने किंवा पात्याने शेपटीच्या टोकावर एक आडवी चीर आणि दोन बाजूंना दोन डाग उमटवीत. जखम भरली की चिरेचे तोंड होई व डागांचे डोळे. भारतातील सर्पतज्ज्ञांनी हा प्रकार वारंवार नोंदवला आहे. उत्क्रांतीने अर्धवट सोडलेले चित्र गारुड्याने चाकूने पुरे केले, असे म्हणता येईल, मात्र एवढ्याने त्यातली क्रूरता कमी होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला, साप बाळगणे व त्यांचे खेळ करणे कायद्याच्या कक्षेत आले, आणि १९८० च्या दशकात, पुण्याच्या कात्रज येथे नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने सर्पोद्यान उभे राहिले त्या काळापासून, सर्पमित्रांची चळवळ जिल्ह्याजिल्ह्यांत पसरत गेली. आठवडी बाजारातील टोपली हळूहळू दिसेनाशी झाली.

पण त्याच सुमारास मांडुळाला दुसरे, अधिक घातक गिऱ्हाईक मिळू लागले. बँका गावात येण्यापूर्वी रोकड हंड्यात भरून भिंतीत वा परसात पुरण्याची रीत वऱ्हाडात होतीच, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक केले, यावरून असे धन सापडण्याचे प्रसंग सरकारलाही दखलपात्र वाटत होते हे दिसते. त्या धनावर नाग बसतो ही श्रद्धा जुनी आहे. मात्र नाग घेऊन धन शोधायला निघणे मांत्रिकालाही परवडणारे नाही, आणि मांडूळ पिशवीत घालून कोठेही नेता येते. नागाचे राखणदारपण या गरीब सापाकडे सरकले, त्यामागे त्याच्या सामर्थ्यापेक्षा त्याचा मवाळपणाच अधिक असावा. गुप्तधन दाखवणे, पैशांचा पाऊस पाडणे, पौरुष वाढवणे, असाध्य रोग बरे करणे, असे एकेक गुण त्याला चिकटत गेले. त्यांपैकी एकालाही आधार नाही.

या बाजाराची रीत पाहण्यासारखी आहे, कारण तीत शेवटचा ग्राहक जवळजवळ कधीच दिसत नाही. गावातला पकडणारा तालुक्याच्या दलालाकडे जातो, तालुक्याचा शहराच्या दलालाकडे, आणि प्रत्येकाला पुढच्याने सांगितलेले असते की अडीच-तीन किलोंच्या वरचे मांडूळ लाखांत, किंबहुना कोटीत विकले जाते. रानातील पूर्ण वाढलेले मांडूळ किलोच्या आतबाहेर भरते. म्हणून मग त्याला बळजबरीने खाऊ घातले जाते, शरीरात लोखंडी छर्रे भरून वजन वाढवल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत, आणि सौदा होईपर्यंत प्राणी महिनोन्‌महिने गोणपाटात किंवा प्लास्टिकच्या डब्यात पडून राहतो. पुष्कळदा सौदा होतच नाही. जो शेवटी पैसे मोजतो तो फसवला जातो, आणि बेकायदा मालाची फसवणूक असल्यामुळे तक्रार करीत नाही. वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी-इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळातील वृत्तांवरून केलेल्या संकलनात मांडूळ जप्तीच्या १७२ घटना आढळल्या, त्या १८ राज्ये व एका केंद्रशासित प्रदेशात विखुरलेल्या होत्या, आणि सर्वाधिक ५९ घटना महाराष्ट्रातल्या होत्या. पुणे, ठाणे, मुंबई उपनगर, रायगड ही नावे त्यांत ठळकपणे येतात. म्हणजे साप खेड्यातला असला तरी बाजार शहराचा आहे, आणि अडाणी खेडुतांची अंधश्रद्धा असे या प्रकाराचे सोपे वर्णन करता येत नाही. समाजमाध्यमांवरील चित्रफितींनी या व्यापाराला जी गती दिली, ती कोणत्याही मांत्रिकाला साधली नसती.

कायद्याची बाजू कमकुवत नाही. मांडूळ १९७२ च्या अधिनियमाने संरक्षित आहे, बोआ कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे नियंत्रण आहे, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजीच्या हत्येनंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा समावेश आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने मांडुळाची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरील जात अशी केली आहे. या धोक्याला तस्करी हे एकमेव कारण नाही. नांगराऐवजी ट्रॅक्टर आला, धुरे अरुंद झाले, बरड सपाट करून ओलिताखाली आले, आणि उंदरांसाठी टाकलेले विष उंदरांतून त्यांना खाणाऱ्यापर्यंत पोहोचू लागले. जप्त केलेल्या प्राण्याचेही सुटका झाली म्हणून सारे निभावत नाही. त्याला कोणत्या जिल्ह्यातल्या कोणत्या बिळातून उचलले होते हे सहसा कोणालाच ठाऊक नसते, आणि एका ओळखीच्या तुकड्यात आयुष्य काढणारा हा साप परक्या जमिनीत सोडला गेला तर तेथे तगेलच याची खात्री देता येत नाही.

म्हणून मांडूळ जेथे आढळेल तेथेच राहू देणे, हा त्याच्या रक्षणाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक मार्ग ठरतो. शेतात निघाले तर धुऱ्याकडे जाऊ द्यावे, घरात वा गोठ्यात निघाले तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, आणि कोणी त्याचे वजन विचारीत दारी आला, तर त्या माणसाची माहितीही त्याच क्रमांकावर द्यावी.